बोरगावच्या चर्चमधलं टाकं

बाबा,

टाकं गळत होतं म्हणून मला बोलावलं, दुसऱ्या कशासाठी नाही. आईचा फोन आला तेव्हा मी नागपुरात एका बंगल्याच्या बाथरूममध्ये गुडघ्यावर बसून टाइल्स लावत होतो. ती म्हणाली, "चर्चचं टाकं गळून राह्यलं. नवे पास्टर मिस्त्री पाहून राह्यले. मी म्हटलं, बाहेरचा कायले पाह्यता, माहा पोरगाच मिस्त्री हाय." मिस्त्री हा शब्द तिनं असा म्हटला, जसं शेजारच्या बाया 'माझा मुलगा इंजिनिअर' म्हणतात. मग मला नाही म्हणवलं नाही. तुमच्या मातीनंतर मी बोरगावच्या चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, आणि मातीच्या दिवशीही दारातच उभा होतो. आता चार दिवस झाले, मी तिथंच आहे, तुमच्या टाक्यात उतरून. हे लिहितोय तेही टाक्याच्या काठावर बसून. मंचावरच्या फळ्या काढून भिंतीला टेकवल्या आहेत, बाहेर ऊन असं आहे की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि डोक्यावरचा पंखा तुमच्या वेळचाच आहे, तसाच कुरकुरतो.

हे टाकं तुमचंच. फौजेत तुमची पलटण पूल बांधायची, म्हणून मंडळीतल्या लोकांना वाटायचं की पास्टरसाहेबांना सिमेंटमधलं सगळं कळतं. तुम्हाला अर्धं कळायचं आणि उरलेलं तुम्ही हुकूम देऊन भागवायचात. त्याआधी बाप्तिस्म्यासाठी सगळे धाम नदीवर जायचे, आणि उन्हाळ्यात नदीत पाणी राहायचं घोट्याएवढं. एका धिप्पाड कंपाउंडरला तुम्ही पाण्यात अक्षरशः झोपवलं, तरी त्याचं पोट कोरडंच राहिलं, आणि काठावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. घरी येऊन तुम्ही म्हणालात, "असं नाई चालत. माणूस पुरा पाण्याखाली गेला पाह्यजे. अर्धा कोरडा राह्यला तर तो अर्धा कोणाचा?" मग मंचाखाली खड्डा खणला. तुमच्या गावाहून, रोहण्याहून, काका आले होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दादा, देवाच्या घरात हीर काऊन खंदून राह्यला?" तुम्ही त्यांना समजावलंत की आमच्यात लहान लेकरावर पाणी शिंपडत नाहीत, लेकराला काय समजतं, ते मोठं होतं, त्याला आतून वाटलं तर स्वतःच्या पायानं पाण्यात उतरतं. काका म्हणाले, "म्हंजे गंगेत बुडी मारल्यासारखं." तुम्ही म्हणालात, "तसंच समज. फक्त एकदाच. दुसरा चान्स नाई." काकांनी जरा विचार केला. "मंग मी आपला इकडेच बरा बाप्पा. मले चान्स लागतात." तुम्ही दोघं भाऊ खड्ड्याच्या काठावर बसून इतके हसलात की गवंडी थापी टाकून पाहत राहिला.

तुम्ही स्वतः पाण्यात उतरलात ते कुठल्या कुठं, नागालँडच्या डोंगरात, एका ओढ्यात. तिथला एक नागा हवालदार तुमचा दोस्त होता. त्याच्यासोबत तुम्ही रविवारी त्यांच्या चर्चला जायला लागलात, आधी म्हणे गरम चहा मिळतो म्हणून. सुट्टीवर येऊन रोहण्यात हे सांगितलंत तेव्हा आजोबा तुमची वळकटी उचलून मळ्यातल्या कोठ्यात ठेवून आले. तुम्ही भांडला नाहीत. दर सुट्टीत बैलांशेजारी झोपलात, वांग्याला पाणी दिलंत, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधल्यात, काकांसोबत आर्वीच्या बाजारात पोतं अंथरून बसलात. कितव्या तरी सुट्टीत आजोबाच कोठ्याच्या दारात आले आणि म्हणाले, "थंडी वाजत असन. आत ये." ही गोष्ट तुम्ही प्रवचनात निदान दहा वेळा सांगितली असेल, आणि मी दर वेळी मागच्या बाकावर बसून म्हणायचो, झालं सुरू. मला वाटायचं ही आजोबांची गोष्ट आहे. वाट पाहणं म्हणजे काय ते तुम्ही सांगत होतात, हे मला दिसलंच नाही.

शनिवारची संध्याकाळ मला अजून वासासकट आठवते. तुम्ही बनियनवर उभे राहून सगळ्या घराची इस्त्री करायचात, आईच्या पोलक्यापर्यंत, आणि बूट ओळीत असे लावायचात की जणू सकाळी परेडला बूटच एकटे जाणार आहेत. बहिणीच्या वेण्या तुम्हीच घालायचात, इतक्या घट्ट की तिचे डोळे तिरळे दिसायचे. "ढिल्ली वेणी म्हंजे ढिल्ला जवान," असं काहीतरी तुम्ही म्हणायचात आणि ती रडत रडत हसायची. आई गॅसवर काळे मनुके उकळत ठेवायची, रविवारच्या प्रभुभोजनासाठी. तुम्ही तो रस फडक्यातून पिळून बाटलीत भरायचात, आणि फडक्यात उरलेला चोथा आम्हा दोघा भावंडांचा. रविवारी तोच रस छोट्या छोट्या कपांतून ट्रेमध्ये यायचा. ज्यानं बाप्तिस्मा घेतला नाही त्यानं तो घ्यायचा नाही. बहीण लहान होती, तिला कोणी विचारत नव्हतं. मी कॉलेजात गेलो तरी ट्रे माझ्या नाकासमोरून पुढे जायचा. ज्याचा चोथा काल खाल्ला त्याचाच वास आज मला परका व्हायचा. मी खिडकीबाहेर बघायचो. तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीत. बाकी सगळे पाहायचे. दवाखान्यातली एक नर्सबाई तर तुम्हाला दारातच धरायची, "पास्टरसाहेब, पोरगा एवढा घोड्यासारखा झाला, अजून पाण्यात नाई?" आणि तुम्ही हसून म्हणायचात, "पाणी कुठं पळून चाललं?"

मला पळायची घाई होती ती दुसऱ्याच दिशेनं. चर्चचा कारभार पाहणारे डीकनकाका, त्यांची मुलगी गायनमंडळात दुसऱ्या ओळीत उभी राहायची. गाताना एका बोटानं गीतपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ताल धरायची. मला अजून ते बोट दिसतं. आता ती चंद्रपुरात आहे, तिला एक मुलगा आहे, तरी दिसतं. ती माझ्याच कॉलेजात, एक वर्ष मागं. रोज सायकलनं तिच्या मागं मागं बोरगावहून वर्ध्याला जायचो आणि तिच्या सायकलची चेन पडावी म्हणून प्रार्थना करायचो. तुमच्या घरात वाढून मी मनापासून केलेली ती पहिली प्रार्थना. एकदा ऐकली गेली. चेन बसवून हात काळे झाले ते मी धुतले नाहीत, आणि आई ताटावर ओरडली, "याच हातानं जेवतं का रे?" पुढे ती माझ्याशी बोलायला लागली, पण गोड नाही, तिच्या वडिलांसारखी सरळ. "बाबा म्हणतात, ज्यानं पाणी घेतलं नाई त्याचं नाव या घरात काढाचं नाई. पास्टरचा पोरगा असून प्रभुभोजनाच्या टायमाले खिडकीबाहेर पाह्यतं. लाज नाई वाटत?" मी म्हटलं, वाटते. "मंग घे ना पाणी. द्यायले तुह्या घरचेच तर हायेत."

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आलो. आईला ताप होता म्हणून कणीक तुम्ही मळत होतात. मी म्हटलं, "बाबा, मले बाप्तिस्मा घ्यायचा हाय." तुम्ही कणकेतले हात तसेच ठेवून विचारलंत, "काऊन?" मी म्हटलं, "वाटलं म्हून." तुम्ही "वाटलं?" असं पुन्हा विचारलंत आणि मी हो म्हटलं. त्यानंतर तुम्ही काही विचारलं नाहीत. फौजेच्या लंगरमध्ये करतात तशा जाड जाड पोळ्या लाटल्यात आणि लाटताना शिट्टी वाजवलीत. माझ्यामुळे एखादा माणूस एवढा खूश झालेला मी पुन्हा पाहिला नाही. मग रोज पहाटे मला उठवून, समोर चहाचा मग ठेवून, बायबल उघडायचात. मी परीक्षेची उत्तरं पाठ करतात तशी उत्तरं पाठ केली. "समजलं का?" "समजलं." तुम्हाला शंका केव्हा आली असेल, याचा मी या चार दिवसांत पुष्कळ विचार केला. कदाचित पहिल्याच पहाटे आली असेल, आणि तुम्ही ती चहासोबत गिळली असेल. पास्टरनं विचारायला हवं होतं ते बापानं विचारलं नाही.

तो ईस्टरनंतरचा रविवार होता. रोहण्याहून काका-काकू जेवणासाठी वांग्याची आणि सांबाराची टोपली घेऊन आले होते. माझा पांढरा सदरा-पायजमा तुम्ही असा इस्त्री केला होता की घडीनं बोट कापलं असतं. फळ्या निघाल्या होत्या, टाकं भरलं होतं, तुम्ही पांढऱ्या झग्यात छातीभर पाण्यात उभे होतात. मी उतरलो. तुमची ती दुसरी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच झाली आहे, तिथं प्रत्येक जण अडखळतो, मीही अडखळलो. तुम्ही हात धरलात. "संभालके, जवान." मग सगळ्यांना ऐकू जाईल असा प्रश्न विचारलात, प्रभू येशूला तू आपला तारणारा म्हणून स्वीकारतोस का, आणि मी हो म्हणालो. तुमचा एक हात माझ्या पाठीमागं, दुसऱ्या हातात घडी केलेला रुमाल, पाण्याखाली नेताना नाकावर धरायला. आता मागं झुकवायचं तेवढं बाकी. आणि मी, गाढव, त्या क्षणी दुसऱ्या ओळीकडे पाहिलं. मी जिकडे पाहिलं तिकडे तुम्हीही पाहिलंत.

तुम्ही माझ्या कानाशी वाकलात. "ते पोट्टी नसती, तर तू आज इथं उभा राह्यला असता का?"

माझ्या डोक्यात एकदम जाळ झाला. हे आत्ता विचारता? इथं? एवढ्या पहाटे गेल्या तेव्हा तोंड शिवलं होतं का? आणि राग आला की मला खोटं बोलता येत नाही. तो काही सद्गुण नाही, माझी बनावटच तशी आहे. हळू बोलायलाही मी कधी शिकलो नाही. मी म्हणालो, "नाई." सिमेंटच्या भिंतींना आपटून ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं. कुणाची तरी खुर्ची वाजली. तुम्ही रुमाल मुठीत मिटलात. तुमचं तोंड मला अजून समोर दिसतं, त्यावर राग नव्हता, आणि ते मला जास्त झोंबलं. तुम्ही म्हणालात, "मंग आज नाई, बेटा." आणि शाळेत पोचवायला नेतात तसा माझा हात धरून पायरीकडे वळलात. मी हिसडा दिला. बाहेर जाताना दाराला अशी लाथ मारली की खालची फळी पिचली. ती अजून तशीच आहे. नवे पास्टर म्हणत होते, दारही पाहून घ्या दादा. ओल्या कपड्यांनी, अनवाणी, मी बोरगावच्या भर रस्त्यानं चाललो होतो, आणि चहाच्या टपरीवरचा एक जण ओरडला, "काऊन बे, हिरीत पडला का?" त्याच्याशीही भांडलो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सायकल स्टँडवर ती एकच वाक्य बोलली. "साऱ्या जगाशी भांडतं तू, एक 'हो' नाई म्हणता आलं माह्यासाठी?" मी म्हटलं, "दुसऱ्यांदा नाई म्हणता आलं." ती सायकल घेऊन गेली. तिचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा माझं बीएस्सीचं दुसरं वर्ष अर्ध्यावर होतं. मी पुस्तकं मित्राच्या खोलीवर टाकली आणि पॅसेंजर पकडली. रागात माणसानं एक्सप्रेस पकडावी. ती पॅसेंजर सेवाग्रामला क्रॉसिंगसाठी उभीच राहिली, आणि फलाटाकडे पाहता पाहता माझा राग थोडा उतरलाही होता. उतरलो मात्र मी नाही. नागपुरात एका टाइल्सवाल्या ठेकेदाराकडे लागलो. घरी आईशी फोनवर बोलायचो. तुम्ही शेजारी बसलेले असायचात, तुमचा खोकला ऐकू यायचा. आई म्हणायची, "बाबाले देऊ का?" मी म्हणायचो, गाडी आली, ठेवतो. साइटवर कुठली आली गाडी?

मग एकदा तुम्हीच आलात. मी एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर फरशी बसवत होतो. जिना चढून तुम्हाला धाप लागली होती, तरी पँटची घडी सरळ. ठेकेदारानं विचारलं, "कौन चाहिए, अंकल?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत, "ये जवान." मग एका सिमेंटच्या पोत्यावर बसून माझं काम पाहत राहिलात. मी मान वर केली नाही. जाताना पिशवीतून दोन पट्ट्या काढल्यात, फौजेतल्या त्या जुन्या मातकट घोंगडीच्या, आत काहीतरी भरून तुम्ही स्वतः हातानं शिवलेल्या, गुडघ्याला बांधायच्या. "गुडघे सांभाळजो," तुम्ही म्हणालात, "पुढं लागतात." मला वाटलं हा टोमणा आहे, प्रार्थनेचा. मी त्या टूलबॉक्समध्ये फेकल्या. तुम्ही जिन्यात क्षणभर थांबलात, मी ग्राइंडर चालू केला. पुढच्या पावसाळ्यात तुमची छाती दुखली आणि तुम्ही वर्ध्याच्या दवाखान्यात पोचायच्या आतच गेलात. मी आलो तेव्हा पेटी बंद करायची तेवढी बाकी होती, आईनं सगळ्यांना थांबवून धरलं होतं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं होतील. त्या पट्ट्यांवर मी आजवर किती घरांची फरशी बसवली असेल, देव जाणे. एका पट्टीची शिवण उसवली, ती आईनं पुन्हा घातली. दुसरीवर अजून तुमचाच दोरा आहे.

हे सगळं मला माहीतच होतं, यासाठी पत्र लिहायला बसलो नसतो. पण कामाच्या पहिल्याच दिवशी डीकनकाका आले. आता काठी टेकत चालतात, तरी चर्चच्या किल्ल्या त्यांच्याकडेच. खुर्ची ओढून टाक्याच्या काठावर बसले आणि मी जुने सांधे खरवडत होतो ते पाहत राहिले. "आजच भरून राह्यला का रे?" मी म्हटलं, आधी वाळू द्यावं लागतं. "तुह्या बापानं नाई वाळू देलं. घाई होती त्याले." मी खरवडत राहिलो. मग ते म्हणाले, "तुले माहीत हाय का, तुहा बाप त्या दिवशी माह्या घरी आलता?"

"कोणत्या दिवशी?"

"कोणत्या म्हंजे? त्याच. वल्ल्याच पँटीनं. आमच्या बैठकीत उभा राह्यला, खाली पाणी गळून राह्यलं. म्हणे, पोट्ट्याले मी पाण्यात नाई घेतलं, पण पोट्टं पास झालं. हो म्हणायले किती सोपं होतं त्याले. पोरगी समोर उभी, सारी मंडळी बसेल, तरी खोटं नाई बोललं. म्हणे, माह्या पोट्ट्यासाठी तुमची पोरगी मांगाले आलो. असा जवाई तुमाले भेटन नाई."

मी छिन्नी खाली ठेवली. "मंग तुमी काय म्हणलं?"

"मी काय म्हणन? म्हटलं, पास्टरसाहेब, ज्याले तुमी मंडळीत घेत नाई त्याले मी घरात कसा घेऊ?" डीकनकाका काठीनं जमिनीवरची धूळ सारत राहिले. "चहा केलता पोरीनं. तुह्या बापानं तो उभ्यानंच घेतला. कप धुवून ठेवला स्वतः, आन् गेला. अजूनही मले वाटते माहं बरोबर होतं. पण त्याचंही बरोबर होतं. दोन्ही कसं, ते मले आजलोक समजलं नाई."

मी ग्राइंडर चालू केला, कापायला समोर काही नसताना. डीकनकाका कान झाकून बसले आणि मग उठून गेले. माझं डोकं अजून तसंच आहे, बाबा. मी दाराला लाथ मारून रस्त्यावर भांडत होतो, तेव्हा तुम्ही ओल्या पँटीनं माझ्यासाठी पदर पसरत होतात. आणि ती तिथं होती, चहा घेऊन. म्हणजे तिलाही माहीत होतं. तुम्ही चौथ्या मजल्यावर आलात, पोत्यावर बसून राहिलात, घोंगडीच्या पट्ट्या दिल्यात, आणि हे एवढं सांगितलं नाहीत. काऊन नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी पिशवी उचलून तुमच्यासोबत घरी आलो असतो. कदाचित म्हणूनच नाही सांगितलं. मी कशाच्या तरी मोबदल्यात घरी यावं, हे तुम्हाला चाललं नसतं. आजोबांसारखं तुम्ही कोठ्याच्या दारात आलात, पण "आत ये" म्हणाला नाहीत. याचाही मला राग आहे, आणि तो कुणावर काढायचा ते समजत नाही.

काल शनिवार. आई मनुके उकळत होती, तिनं ते अजून सोडलेलं नाही. मी तिला विचारलं, तुला माहीत होतं का? ती म्हणाली, "त्याइनं घरी येऊन पँट वाळू घातली, तवाच सांगतलं. म्हणे, पोराले नको सांगू." मग पळीनं रस ढवळत म्हणाली, "मलेही तर नाई म्हणलं होतं त्याइनं. लग्नानंतर मी म्हटलं, तुमी जिकडं तिकडं मी, द्या मले पाणी. तर म्हणे, नवऱ्यासाठी नको घेऊ. मंग मी इकडे चर्चमधी बसू, घरी येऊन माह्या देवाले दिवा लावू. कित्येक वर्षं. एक दिवस मलेच वाटलं, आन् सांगतलं. त्या दिवशी ते इतके रडले रे." मी लहानपणी तो दिवा पाहिला होता, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. तुम्ही त्याच्या वातीसाठी कापूसही आणून द्यायचात. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

आता नव्या पास्टरांचं सांगतो. माझ्याहून लहान आहेत, मला दादा म्हणतात. चार-पाच जण बाप्तिस्म्यासाठी तयार आहेत, नदीत पाणी नाही, सगळे या टाक्यावर थांबले आहेत. काल सकाळी, मी पाणी सोडायच्या आधी, त्यांनी विचारलं, "दादा, तुमचं नाव घालू का? टाकं तुमच्या वडलांनी बांधलं, तुम्ही दुरुस्त केलं, आणि तुम्हीच काठावर?" मी म्हटलं, सांगतो. आणि आत उतरून, कोरड्या टाक्यात, तुम्ही जिथं उभे होतात तिथं उभा राहिलो. तुमचाच प्रश्न स्वतःला विचारला. बाबा नसते, ती ओली पँट नसती, तर तू आज इथं उभा राहिला असतास का? नाई. पुन्हा तेच उत्तर. तेव्हा तिच्यासाठी होतं, आता तुमच्यासाठी आहे. तुम्ही असतात तर पुन्हा रुमाल मुठीत मिटला असतात. पण एक गोष्ट आहे. सांधे भरताना मी एकटाच कुणाशी तरी बोलत होतो, बराच वेळ. आधी वाटलं तुमच्याशी. मग लक्षात आलं, तुमच्याशी मी इतकं गोड कधीच बोललो नाही. ते कोण होतं, मला माहीत नाही. मला अजून थोडा वेळ पाहिजे. तुम्ही "आज नाई" म्हणाला होतात, आणि मी एवढी वर्षं त्यातलं "आज" ऐकलंच नव्हतं.

हे कागद गुडघ्याच्या पट्ट्यांखाली टूलबॉक्समध्ये ठेवीन, एखाद दिवशी सांधे भरायचं ग्राउट सांडून त्यांचा दगड होईल. त्याआधी एक सांगून टाकतो. काल दुपारी मी टाकं भरलं आणि पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलनं रेघ ओढली. आज उपासना झाल्यावर पास्टरांनी विचारलं, "काय दादा, उतरलं का पाणी?" मी म्हटलं, "उतरून राह्यलं थोडं. अजून आठवडाभर वाळू द्या लागन." ते बिचारे हो म्हणाले, त्या चार-पाच जणांना सांगायला गेले. टाक्यात उभं राहून मला खोटं बोलता आलं नव्हतं, काठावर उभं राहून आलं. टाकं गळत नाही, बाबा. पाणी कुठं पळून गेलं नाही, रेघेला लागून उभं आहे.